शन घराण्याचे दफ्तरी

आमच्या घरमालकांकडे पाणी फुकट होतं, फक्त दर बादलीमागे एक इंग्रजी शब्द द्यावा लागे.

शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवरच्या ट्रकवाल्यांच्या गोदामांमागे, त्यांच्या सहा खोल्या होत्या आणि सहा खोल्यांत मिळून नळ एक. नळावर पत्र्याची पेटी आणि पेटीला कुलूप. सकाळी सहाला घरमालक गळ्यात किल्ली आणि हातात खडू घेऊन बाहेर येत. सगळे भाडेकरू त्यांना काकाजी म्हणत. काकाजी नळाशेजारच्या टाकीच्या भिंतीवर इंग्रजी शब्दाचं नुसतं शेवटचं टोक लिहीत आणि मगच कुलूप काढत. समजा त्या दिवशी 'चर' लिहिलं, तर रांगेतल्या प्रत्येकाने 'चर'वर संपणारा एक इंग्रजी शब्द सांगायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि बादली नळाखाली लावायची.

पहिल्या खोलीत एक ट्रक ड्रायव्हर राहत असे. तो दर वेळी एकच शब्द द्यायचा. "पंक्चर, काकाजी. मतलब हवा गई."

माझी आई दोन बादल्या घेऊन उभी असे, म्हणून तिला दोन शब्द लागत. "पिक्चर," ती म्हणायची, "म्हंजे टाकीजमधला शिनेमा. अन् फर्निचर. म्हंजे आमच्या घरी नाही ते."

"बरोबर," काकाजी गंभीरपणे म्हणत. "भरा."

शब्द आला नाही म्हणून त्यांनी कुणाला रिकाम्या बादलीने परत पाठवलं असं मात्र मी कधी पाहिलं नाही. न येणाऱ्याच्या कानात ते स्वतःच उत्तर सांगत आणि बादली भरेपर्यंत तोच शब्द मोठ्याने म्हणायला लावत. त्यामुळे आमच्या आवारात सकाळी देवाच्या नावापेक्षा 'एग्रिकल्चर, एग्रिकल्चर' असा गजर जास्त चाले. एग्रिकल्चरचा अर्थ त्यांनी ठरवून दिला होता, गावाकडे राहिलेले भाऊ करतात ते.

काकाजी एका सरकारी ऑफिसात दफ्तरी होते. कोणत्या खात्याचं ऑफिस ते सांगत नाही, पुढे मला तिथेच आयुष्य काढावं लागलं. दफ्तरी म्हणजे शिपायाच्या वर आणि कारकुनाच्या खाली. फायली शिवायच्या, बांधायच्या, रेकॉर्ड-रूममध्ये लावायच्या आणि कुणी मागितली की काढून द्यायची. रेकॉर्ड-रूममध्ये फायलीची पाठ बाहेर असते, तोंड आत. पंचवीस वर्षं पाठी पाहून फायली ओळखणाऱ्या या माणसाने इंग्रजी भाषाही त्याच बाजूने हाती घेतली. "शब्द समोरून पाहाल तर घाबराल," ते म्हणत. "मोठाले असतात. मागून पाहा. मागून सगळे ओळखीचे निघतात."

ऑफिसने रद्द केलेली जुनी रजिस्टरं त्यांनी साहेबांच्या परवानगीने घरी आणली होती. एका टोकाला एक रजिस्टर, त्याला लाल फीत, वर घराण्याचं नाव. मेंट घराणं, एबल घराणं, लेस घराणं. सगळ्यांत जाड शन. काकाजींच्या मते माणसाचा जन्मच शन घराण्यात होतो. आधी व्हॅक्सिनेशन, मग अ‍ॅडमिशन, मग एक्झामिनेशन, मग अ‍ॅप्लिकेशन, नशीब असलं तर प्रमोशन, टिकला तर पेन्शन आणि मोक्षधामात क्रिमेशन. "अपॉइंटमेंट पाहा, याच्यात येत नाही," ते बोट उचलून सांगत. "ती मेंट घराण्यातली. म्हणून लवकर मिळत नाही."

"अन् मॅरेज?" एकदा आईने विचारलं.

"ते वेगळंच घराणं आहे. मॅरेज, लगेज, बँडेज, डॅमेज, कॅबेज."

काकू मागे उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या. काकू म्हणजे काकाजींची बायको. "कॅबेज म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"पत्ताकोबी."

"मग बाकीचे मले माहीत आहेत," काकू म्हणाल्या आणि पुन्हा ताटात पाहू लागल्या.

अर्थ सांगण्याची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. डिक्शनरी त्यांच्याकडे होती, पण ती ते फक्त शब्द खरंच आहे की नाही एवढं पाहायला उघडत. अर्थ ऑफिसातून येत. कन्सिडरेशन म्हणजे फाइल खालच्या खणात गेली. टेम्पररी म्हणजे वीस वर्षं झालेला. रिस्पेक्टेबल म्हणजे ज्याच्यासाठी साहेब उठतो. एबल घराण्यात टेबलही होता, पण त्याच्यापुढे लाल शाईने शेरा होता, 'हा भाडेकरू, मालक नव्हे.' लेस घराण्याचं रजिस्टर ते मुद्दाम पातळ ठेवत. होपलेस, यूजलेस आणि केअरलेस हे तिन्ही शब्द त्यांनी साहेबांच्या तोंडून थेट स्वतःच्या नावापुढे ऐकले होते, आणि ते म्हणत की एवढे तीन पुरे, हे घराणं वाढवायचं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी वाडीत सगळ्यांना माहीत होती आणि नळाच्या रांगेत कुणी बोलत नसे. काकाजी मॅट्रिकच्या इंग्रजीत नऊ वेळा नापास झाले होते. बाकीचे विषय पहिल्याच झटक्यात सुटले होते. इंग्रजी राहिलं होतं. दर मार्चमध्ये ते लग्नातला कोट घालून परीक्षेला जात आणि दर जूनमध्ये नळावर जरा उशिरा येत, एवढाच फरक. त्यांच्याकडून शब्द शिकून गेलेले भाडेकरू मात्र पास होत. एक पोस्टात लागला, एक खापरखेड्याच्या वीजघरात टाइमकीपर झाला. "नऊ वेळा नापास झालेला माणूस मास्तर," काकू म्हणत, "हे वाडीतच होऊ शकते."

काकूंचा राग फुकटचा नव्हता. काकाजींना इंग्रजीसह मॅट्रिक व्हायचं होतं ते त्यांच्याच ऑफिसातल्या कनिष्ठ कारकुनाच्या खुर्चीसाठी. दफ्तऱ्याला त्या खुर्चीवर चढता येई, पण इंग्रजी पास हवं. ती खुर्ची आता रिकामी झाली होती आणि काकाजींच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आणि तिथेच मी आडवी आले.

माझे वडील त्याच ऑफिसच्या जीपवर ड्रायव्हर होते. ते कावीळ होऊन गेले. क्वार्टर सोडावं लागलं, आणि काकाजींनीच आम्हा मायलेकींना स्वतःची चौथी खोली दिली. साहेबांनी आईला सांगितलं की मुलीला वडिलांच्या जागी घेता येईल, खुर्ची एकच आहे, कनिष्ठ कारकुनाची, पण मॅट्रिक हवी, इंग्रजीसह, आणि तीही येत्या मार्चमध्ये. त्यानंतर जागा बाहेरून भरणार. मी इंग्रजीतच दोनदा आपटले होते. हिशेब अगदी साधा होता. दोघं पास झालो तर खुर्ची काकाजींची, कारण नोकरीत ते जुने. मी एकटी पास झाले तर माझी. म्हणजे मला नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, त्यांनी नापासही व्हायला हवं होतं.

हे मला कळत होतं, आईला कळत होतं, काकूंना तर फारच कळत होतं. न कळल्यासारखे एकटे काकाजी वागत होते. ज्या दिवशी साहेबांनी आईला बोलावलं त्याच संध्याकाळी ते शन घराण्याचं रजिस्टर काखेत मारून आमच्या दारात आले. "उद्यापासून नळ बंद झाल्यावर बसायचं, पोरी. साडेसहा ते आठ."

मागून काकूंचा आवाज आला. "काहून जी? आपल्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढून राहिले तुम्ही?"

"मी शब्द वाढून राहिलो," काकाजी म्हणाले. "ते कमी होत नाही."

चार महिने मी शिकले. खरंच शिकले. शेकडो शब्द, घराण्यांसकट. अडचण एवढीच होती की मला एखादा शब्द हवा असला तर आधी त्याचं सगळं खानदान डोक्यातून जाऊ द्यावं लागे. 'पेशन्स' हवा असला की आधी डिस्टन्स, अलाउन्स, अ‍ॅम्ब्युलन्स येऊन जात. तरी शब्द येत होते, आणि शब्द आले की भीती गेली. हे श्रेय त्यांचं आहे, ते मी कधी नाकारलं नाही.

पण त्यांच्या शिकवण्यात एक नियम होता, आणि काकाजी नऊ वेळा त्या नियमामुळे बुडाले होते. एकाच टोकाचे दोन शब्द एका वाक्यात आणायचे नाहीत. का, तर ते भाऊबंद. "भाऊबंद एका बांधावर आले की काय होते, मले विचार," ते म्हणत. गावाकडे चार भावांत सात एकर शेत होतं, त्याचा बारा वर्षं खटला चालला. शेवटी काकाजींच्या वाट्याला जे आलं ते विकून त्यांनी वाडीचा हा तुकडा घेतला आणि पुन्हा गावी पाऊल ठेवलं नाही. इंग्रजी लिहिणाऱ्या कुणालाही या खटल्याची कल्पना नव्हती, हे त्यांना पटवणं शक्य नव्हतं. क्रमिक पुस्तकातल्या धड्यात दोन शनवाले शब्द एका वाक्यात दिसले की ते खाली पेन्सिलीने लिहीत, 'वाद होणार.'

मी मान डोलवत असे. मनात म्हणत असे, काकाजी, हा नियम यंदाही तुम्ही नीट पाळा. आज लिहितानाही लाज वाटते, पण मी तसंच म्हणत असे.

परीक्षेचं केंद्र शहरात होतं. अर्ज एकत्र दिल्यामुळे आमचे नंबर लागोपाठ आले. पुढच्या बाकावर काकाजी, मागे मी. मार्च सरत आला होता, वर्गात पंखा नव्हता आणि त्या माणसाने कोटाची सगळी बटणं लावली होती. पेपर हातात पडला. पहिला मोठा प्रश्न होता अर्जाचा. वरिष्ठांना पत्र लिहा आणि परीक्षेला बसण्याची परवानगी मागा.

म्हणजे अ‍ॅप्लिकेशन. म्हणजे परमिशन. म्हणजे एक्झामिनेशन. तीन सख्खे भाऊ, आणि तिघांना एकाच कामासाठी बोलावलेलं.

मी समोर पाहिलं. कोटातली ती पाठ ताठ झाली होती आणि उजवा खांदा हलत नव्हता. मी थोडा वेळ त्या पाठीकडे पाहत बसले. मग मान खाली घातली आणि तिन्ही शब्द एका ओळीत लिहून टाकले. पुढचे अडीच तास मी भरभर लिहिलं. जेव्हा जेव्हा वर पाहिलं तेव्हा काकाजी लिहिण्यापेक्षा खोडतच जास्त होते.

बाहेर कडुलिंबाखाली त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. "पहिल्या प्रश्नात तिघं एका ओळीत आणले नाही ना वं?"

"नाही, काकाजी," मी म्हटलं.

"शाबास. मीबी नाही आणले. तीन वेगळी वाक्यं करत होतो. दोन झाली, तिसरं करता करता निबंध राहून गेला." ते खरोखर समाधानाने जेवत होते. मी माझी अर्धी भाकर तशीच डब्यात परत ठेवली.

जूनमध्ये निकाल लागला. मला इंग्रजीत एकेचाळीस मिळाले, काकाजींना एकोणतीस. पेढे त्यांनीच आणले आणि नळाच्या रांगेत वाटले. त्या दिवशी टाकीवर काही लिहिलं नव्हतं. काकू मात्र आमच्याशी बोलायच्या थांबल्या. आईने भाजी पाठवली तर वाटी धुऊन परत यायची, रिकामी. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नव्हतं.

मग मी त्या खुर्चीवर बसले, आणि ज्या माणसाने मला शिकवलं तो हातात फायली घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहू लागला. घरी मी पोरी, ऑफिसात बाईसाहेब. मी म्हटलं, काकाजी, असं म्हणू नका. तर म्हणाले, "खुर्चीले म्हणतो मी. तू मधात नको बोलू." एकही फाइल त्यांनी मला उशिरा दिली नाही. उशिरा दिली असती तर मला बरं वाटलं असतं. आठवडाभर मी शिपायाला चहा पाजून फायली त्याच्या हातून मागवून पाहिल्या. काकाजींनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि फायली स्वतः घेऊन आले.

जानेवारीत त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. मॅट्रिकला बसण्याची परवानगी मागणारा अर्ज, इंग्रजीतला, खात्याच्या नियमाप्रमाणे माझ्यामार्फत साहेबांकडे जाणारा. एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते. निकाल लागायच्या आधीच.

"आता काहून बसता, काकाजी? आता त्याचा काही उपयोग नाही," मी म्हटलं.

"रजिस्टर उघडं आहे ना माह्यं. दफ्तऱ्याले उघडं रजिस्टर टाकून घरी जाता येते का?"

मी अर्ज वाचला. पहिल्याच ओळीत अ‍ॅप्लिकेशन, परमिशन आणि एक्झामिनेशन शेजारी शेजारी बसले होते. मी वर पाहिलं.

"तुह्या नेमणुकीची फाइल मीच शिवली," काकाजी म्हणाले. "तुह्या अर्जात तिघं एका ओळीत होते. तरी तू खुर्चीवर आली. म्हटलं, भांडत नसतीन सगळेच. आपल्याच घरचे भांडत असतीन." त्यांनी कागद माझ्याकडे आणखी थोडा सरकवला. "शिफारस लिहा, बाईसाहेब."

मी लिहिली. मार्चमध्ये ते तोच कोट घालून गेले, एप्रिलमध्ये निवृत्त झाले. साहेबांनी त्यांना नारळ आणि शाल दिली आणि भाषणात त्यांचं नाव चुकवलं.

जूनच्या शेवटी एका दुपारी ते ऑफिसच्या दारात उभे होते. आत येऊ का, असं शिपायाला विचारून ते आत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर गुणपत्रिका ठेवली. इंग्रजी, सदतीस. मी आनंदाने काहीतरी बोलले. ते त्यांनी संपू दिलं आणि मग म्हणाले, "सेवापुस्तकात नोंद पाहिजे."

नोकरदाराची सगळी नोकरी त्या पुस्तकात असते. माणूस निवृत्त झाला की शेवटच्या पानावर साहेबांची सही होते, पुस्तक मिटतं आणि त्यात पुढे एक टिंबही देता येत नाही. हे मला शिकवलं काकाजींनीच. मी ते त्यांना सांगू लागले.

"मालूम आहे मले. मीच बांधलं, मीच ठेवलं. उजवीकडून तिसरा खण, वरून दुसरं."

मी उठले आणि आणलं. पहिल्या पानावर शिक्षणाच्या रकान्यात कुणीतरी फार वर्षांपूर्वी टाकाने लिहिलं होतं, 'मॅट्रिक, इंग्रजी वगळून'. समोर हेडक्लार्क बसले होते. ते चष्म्यावरून पाहत होते. मी 'वगळून'वर एक सरळ रेघ मारली, वर 'सह' लिहिलं, बाजूला सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. माझ्या नोकरीतलं हे पहिलं बेकायदा काम. हेडक्लार्क खोकले आणि त्यांनी समोरची फाइल उघडून तोंड त्यात घातलं.

काकाजींनी पुस्तक स्वतःकडे फिरवून घेतलं. दोनदा वाचलं. शाई वाळेपर्यंत ते बोट लावायला तयार नव्हते.

"काकाजी," मी म्हटलं, "मागच्या वर्षी मी नवस बोलली होती. तुम्ही नापास व्हावं म्हणून."

ते फीत बांधत होते. हात थांबले नाहीत. "कोणत्या देवाले?"

"आपल्या वाडीच्या मारुतीले."

"असं," ते म्हणाले. त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "मीबी त्यालेच बोललो होतो. तू नापास व्हावं म्हणून. सकाळी तुले शिकवून झालं की रोज तिकडूनच ऑफिसात येत होतो. नारळ कबूल केला होता." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तू फेडला का नवस?"

"फेडला."

"मंग ठीक आहे. त्याचं पूर्ण नुकसान नाही झालं."

सेवापुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. ते काखेत मारून काकाजी रेकॉर्ड-रूममध्ये गेले, उजवीकडून तिसऱ्या खणात ठेवायला. आत शिडी सरकल्याचा आवाज आला. मी टेबलाशी उभीच होते. ते बाहेर येईपर्यंत मला त्या खुर्चीत बसवेना.